बॅटरी चिकटवलीय का?

सकाळी दहा, असं लिहिलं होतं.
म्हणून सकाळी दहाला आम्ही तयार होऊन बसलो:
मी, बहिणीचा नवरा असिलबेक, त्याचा मुलगा तुराल,
आणि चहा आयता मिळेल म्हणून आलेली
शेजारच्या तंबूतली मैरमकान.
पडद्यावर एक राखाडी चौकोन
आणि त्याखाली उलटे पळणारे आकडे. तेरा तास.
दहा त्यांचे होते, कॅलिफोर्नियातले.
आमचे दहा वाजतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.
मैरमकान म्हणाली, मग साखर तरी आणा.

तेरा तास. म्हणजे अंधार पडेपर्यंत
पाच वेळा घोड्यांच्या धारा.
आधी शिंगरू लावायचं, मग ओढून बाजूला करायचं,
गुडघ्यावर बादली, आणि घोडी लाथ मारणार नाही
अशा बेतानं तिच्याशी खोटं बोलत राहायचं.

एरवी मी नारीनच्या बाजारात फोन दुरुस्त करते,
लोखंडी कंटेनरमध्ये, फुटक्या काचांच्या राशीत.
उन्हाळ्यात दीड महिना इथं कुरणावर,
बहिणीच्या हाताखाली.
गिऱ्हाईक विचारतं, नव्याचा कॅमेरा कसा असेल?
कॅमेरा गेला उडत.
मला एवढंच बघायचं होतं
की बॅटरी स्क्रूनं बसवलीय
की पुन्हा डिंकानं चिकटवलीय.
मागच्या हिवाळ्यात तो डिंक सोडवताना
अंगठा भाजला. नखाखाली अजून
काळी कोर आहे, ती वर सरकतेय हळूहळू.

नेटवर्क वरच्या खडकापाशी.
तेही जमिनीवर नाही, माणूसभर उंचीवर.
उभं राहून एक दांडी.
घोड्यावर बसून दोन.
रात्री अकराला मी तोरूवर बसले,
मागं तुराल, त्याच्या शाळेतल्या इंग्रजीसकट,
माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून.
थंडी अशी की फोन आपणहून विझायला बघतो.
त्याला मी मधूनमधून काखेत घालत होते,
आजारी कोकरासारखा.

मंचावरचा माणूस खूप हसत होता.
त्याचे ओठ आधी, आवाज नंतर:
सगळं वरातीमागून.
तुराल सांगे: हलका आहे म्हणतो.
पातळ आहे म्हणतो.
तुमचं आयुष्य बदलेल म्हणतो.
कुणाचं? मी विचारलं.
तेवढं नाही सांगितलं, तुराल म्हणाला.

मग त्यानं फोन उताणा केला,
आणि त्याच्या मागं, घराएवढ्या पडद्यावर
तो फोन थराथरानं उलगडायला लागला.
काच सुटली. चौकट सुटली.
आता, मी म्हटलं. आता.

घोडं इथंच पेंड खातं म्हणतात ना.
आमचं रानकांदा खायला निघालं.
दोन पावलं, जास्त नाही.
पडद्यावर चाक फिरायला लागलं,
तंबूच्या माथ्यावरच्या कड्यासारखं गोल,
पण त्यातून आकाश दिसत नव्हतं.
मी लगाम ओढला, टाचा मारल्या,
तोरूच्या आईचा उद्धार केला.
तो चावत राहिला.

चित्र परतलं तेव्हा सगळं सभागृह उभं होतं.
टाळ्या वाजवणारे हात, आवाज नाही.
काय झालं?
आतलं दाखवलं, तुराल म्हणाला.
आणि?
आणि दाखवून झालं.

दोन वर्षांनी, ऑक्टोबरात,
कोळशाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर
तोच फोन घेऊन आला. काच चाळणी झालेली.
हलका होता. पातळ होता. खोटं नव्हतं बोलला तो.
मी दिवा जवळ ओढला, काच काढली, चौकट काढली,
आणि जिथं थांबले होते तिथून पुढं
एकटीनं पाहिलं.

चिकटवलेली.

एवढ्यासाठी माणसं उभी राहिली होती.
आता मी अंगठा भाजून घेत नाही.
खणात तोरूच्या शेपटीचे केस ठेवलेत,
लांब, काळे, तारेसारखे चिवट.
एक केस बॅटरीखाली सारायचा,
दोन्ही टोकं धरून करवतीसारखा ओढायचा,
सावकाश. डिंक सुटतो.
ड्रायव्हर म्हणाला, हे कुठं शिकलीस?
मी म्हटलं, घोड्याचं माझ्याकडं देणं होतं.